आजीच्या लुगड्याचे लंगोट

“दोन पाण्यांतून काढलेत. नाक लावून काय बघतेस?”

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली तेव्हा परसातल्या दोरीवरचा एक लंगोट माझ्या हातात होता आणि त्यात मी नाक खुपसलेलं होतं. एसटीतून उतरून घरी पोचल्याला दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पायांवर पाणी घेतलं नव्हतं, पिशवी ओट्यावर तशीच होती, आणि माझा चार वर्षांचा पुष्कर चपला न काढताच हौदाकडे पळाला होता.

“काही नाही,” मी म्हणाले. “मऊ किती आहेत ते बघत होते.”

“मऊ नसायला काय झालं? तुझ्या आजीचं लुगडं आहे. दहा वर्षं अंगावर आणि वीस वर्षं ट्रंकेत.”

वास होता. वर साबणाचा आणि उन्हाचा, आणि खाली अगदी तळाशी डांबराच्या गोळ्यांचा. आईला तो येत नव्हता, कारण तो तिच्या घराचाच वास होता. मला मात्र तो लगेच ओळखू आला. दोरीवर चौतीस लंगोट होते. मी ते मनात दोनदा मोजले आणि ठरवलं, यातला एकही शैलाच्या बाळाच्या अंगाला लागता कामा नये. आणि का, ते आईला कळताही कामा नये.

हे कराडला घडलं, एकवीस वर्षांपूर्वी. माझ्या धाकट्या बहिणीला, शैलाला, आदल्या दिवशी मुलगा झाला होता. ती गावातल्याच प्रसूतिगृहात होती, दोन दिवसांनी घरी यायची होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे बाळंतपण सगळं आईच्या अंगावर. तिला ते ओझं कधीच वाटलं नाही. आमच्या गल्लीत कुणालाही दिवस गेले, की सातव्या महिन्यात ती बाई आमच्या दारात येऊन सांगून जायची, “काकू, लंगोट तुमच्याच हातचे हं.” पाचवीपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. घरातल्या पिकल्या माणसाचं वापरलेलं कापड घ्यायचं, म्हणजे त्याचं आयुष्य पोराला लागतं. ही रीत सगळ्यांकडे होती, पण तसं कापड नीट जपून ठेवलेलं असायचं ते फक्त आमच्याकडे. आई जुन्या लुगड्यांचे त्रिकोण कापायची, बंद शिवायची, कडा आतून दुमडायची म्हणजे बाळाच्या मांडीला टोचत नाही. कुणाच्या पोराला किती लंगोट लागले, बारशाला कोण कुठल्या रंगाचं लुगडं नेसून आली होती, हे तिला तीस-तीस वर्षांनंतर पाठ असायचं. त्यावरून आम्ही तिची थट्टा करायचो.

“पुष्कर, ए पुष्कर, हौदात वाकू नको,” आई ओरडली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती पदर खोचून स्वतःच त्याच्याकडे गेली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने बोट हलवलं. नको. तो हसला. त्याच्या छातीवर ऐकायच्या यंत्राची डबी होती, आणि ती ठेवायला निळ्या कापडाची पिशवी. तीही आईनेच शिवली होती.

पुष्करच्या वेळी मीही बाळंतपणाला याच घरात आले होते. सासूबाईंनी पुण्याहून तयार डायपरची दोन पाकिटं माझ्याबरोबर दिली होती. “आईच्या हातांना जरा आराम होईल,” म्हणाल्या. मी ती पाकिटं माळ्यावर टाकून दिली. माझ्या बाळाला ते प्लास्टिक नको, आईच्या हातचे लंगोटच हवेत, असं फोनवर सासूबाईंना ठसक्यात सांगितलं. पहिलटकरणीचा तोरा, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी पोर पिवळं दिसायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, सगळीच होतात, कोवळ्या उन्हात धरा. आम्ही धरलं. सहाव्या दिवशी ते दूध ओढेना आणि मान मागे टाकायला लागलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, अंगातलं सगळं रक्त बदललं. जीव वाचला. कान गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून विचारलं होतं, “बाळाचे कपडे कशात ठेवलेले होते?”

“ट्रंकेत.”

“त्यात डांबराच्या गोळ्या?”

“हो.”

“अंगाला तेल लावत होता?”

“रोज. दोन वेळा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, म्हणाल्या. ती आईकडून येते आणि बहुतेक मुलग्यांना त्रास देते. एरवी कळतही नाही. पण अशा बाळाला त्या गोळ्या बाधतात, तेल लावलेल्या कातडीतून ते विष जास्त शिरतं, रक्त फुटतं आणि कावीळ चढते. “तुम्हाला बहीण आहे का? तिला सांगून ठेवा. तिच्या मुलग्यालाही असू शकतं.”

मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, कावीळ डोक्यात गेली. सासरी तेच, माहेरी तेच. आईने आपलं एक कारण शोधून काढलं होतं. मी सातव्या महिन्यात ग्रहणात विळी हातात घेतली होती म्हणे. ती पुष्करसाठी शनिवार करायला लागली. मी तिला करू दिले. जिच्या हातचं घ्यायला आख्खी गल्ली येते, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुझ्या शिवलेल्या कपड्यांनी माझं पोर बहिरं झालं? चार वर्षं मी स्वतःला हेच उत्तर देत होते.

जेवणं झाल्यावर मी पिशवी उघडली. माझ्या जुन्या चादरींचे मी घरी शिवून, उकळून आणलेले दोन डझन लंगोट त्यात होते, आणि तयार डायपरची तीन पाकिटं.

आईने एक लंगोट उचलून कडा पाहिली. “टाका कच्चा आहे,” म्हणाली. मग पाकिटाकडे बघून, “आणि हे कुणाला?”

“शैलाच्या बाळाला. हल्ली हेच वापरतात.”

“हल्ली?” आई हसली, पण तिला लागलेलं कळत होतं. “तुझ्या सासूने पाठवली होती तेव्हा तूच माळ्यावर भिरकावलीस ना? हट्ट कुणी धरला होता, आईच्याच हातचे म्हणून?”

“तेव्हा मला अक्कल नव्हती.”

“आता आली. बरं झालं.”

ती उठून भांडी घासायला गेली. मी कामाला बाई लावून दिली होती, ती चार वाजता येणार होती, तरी आईने सगळी भांडी घासली.

संध्याकाळी प्रसूतिगृहात गेले ते आधी शैलाकडे नाही, डॉक्टरांकडे. पुष्करचं सगळं सांगितलं. त्यांनी बाळाचं रक्त काढून पुण्याला तपासायला पाठवलं. आठवडा लागेल, म्हणाले, तोवर डांबरगोळीचा वारासुद्धा लागू देऊ नका. शैलाला मी म्हटलं, काविळीची साधी तपासणी आहे. ती थकलेली होती, पण खुशीत होती. बाळाला दुपट्यातून काढून मला दाखवत म्हणाली, “ताई, नाक अगदी पुष्करचं आहे बघ.”

तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. मी दारातच बाळाला माझ्या हातांत घेतलं आणि नंतर फारसं खाली ठेवलंच नाही. लंगोट बदलायची वेळ झाली, की मी पुढे. आई तिचा गठ्ठा घेऊन यायची, माझा आधीच बांधून झालेला असायचा. ती ओवा-वावडिंगाच्या धुरीवर तिचे लंगोट शेकत बसायची, एकेक उलटापालटा करून. धुरीनंतर तर त्यांचा कसलाच वास कळायचा नाही, आणि मला त्याची जास्त भीती वाटायची.

“ताई, तू आईला रडवलंस,” शैला हळूच म्हणाली. “सकाळपासून बोलली नाहीये. एकदा बांधू दे की तिला. काय जातंय आपलं?”

“नको.”

“अगं पण का?”

“नको म्हटलं ना.”

शैलाने माझ्याकडे पाहिलं आणि बाळ माझ्या मांडीवरून उचलून आपल्या कुशीत घेतलं.

त्याच वेळी तिला सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण शैलाला सांगितलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

पाचवीच्या दिवशी सकाळी आईने जाहीर केलं, “आज आंघोळ मी घालणार आणि कपडेही माझेच घालणार. पाचवीला परक्या घरचं कापड बांधत नाहीत.”

माझं घर तिला परकं झालं होतं. ती पाटा-वरवंटा पुजायला मांडत होती तेवढ्यात मी दोरीवरचे आणि धुरीच्या टोपलीतले मिळून सगळे चौतीस लंगोट गोळा केले, न्हाणीघरात गेले आणि पेटलेल्या बंबात कोंबायला लागले. मऊ, जुनं कापड. पटकन पेटत होतं. एकेक टाकताना मला आई रात्रंदिवस खाली मान घालून टाके घालताना दिसत होती, आणि तरी हात थांबत नव्हते.

“कुंदा, लंगोट कुठे गेले गं?” बाहेरून आई.

“भिजवलेत. कावळ्याने घाण केली होती.”

“सगळ्यांवर?” ती थांबली. “बरं, राहू दे. ट्रंकेत एक लुगडं आहे अजून. दोन फाडते तेवढ्यापुरते.”

मी धावत बाहेर आले, तोवर तिने माजघरातली ट्रंक उघडली होती आणि लुगडं काढून खांद्यावर टाकलं होतं. मला बघून तिने नाक वर केलं.

“कापड जळतंय कुठे?”

ती न्हाणीघरात गेली. मी तिच्यामागे. बंबाच्या खालच्या दारातून एक लंगोट अर्धा बाहेर आला होता. त्याचा बंद जळत होता. आईने तो बोटांनी ओढून बाहेर काढला, पायाखाली विझवला आणि माझ्यासमोर धरला.

“पाच दिवसांच्या बाळाचे कपडे जाळलेस?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “पाचवीला? कुंदा, तुझ्या मनात आहे तरी काय?”

शैला बाळाला कुशीत घेऊन, एका हाताने भिंतीला धरत माजघराच्या दारापर्यंत आली होती. तिने जळका लंगोट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

“ताई, तू आल्यापासून मला बाळाला धड घेऊ देत नाहीस, आईला हात लावू देत नाहीस. मी मुकाट बघतेय.” ती एक पाऊल पुढे आली. “पुष्करला ऐकू येत नाही म्हणून माझं पोर तुला बघवत नाही का?”

असं कुणी मला आजवर म्हटलं नव्हतं. माझ्या मनात काय होतं नि तिला काय दिसलं, या दोन्हींच्या मध्ये मी उभी होते. मी आईकडे पाहिलं. तिने शैलाला गप्प केलं नाही. तिलाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात शैलाच्या मागून पुष्कर आला. ट्रंक उघडीच राहिली होती. त्याच्या मुठीत काहीतरी होतं, आणि घरात सगळी उभी बघून त्याला वाटलं, आपणही दाखवावं. त्याने मूठ उघडली. तीन पांढऱ्या गोळ्या. पेपरमिंट समजून त्याने त्यातली एक तोंडाकडे नेली.

मी किंचाळले. त्याला ऐकू जाणार नव्हतं, तरी किंचाळले. मी त्याच्यावर झेप घेतली, हातावर फटका मारून गोळ्या उडवल्या, त्याच्या तोंडात बोटं घालून चाचपलं, ओढत न्हाणीघरात नेऊन त्याचे हात साबणाने घासले, तोंड धुतलं, पुन्हा हात घासले. तो भेदरून रडत होता. मी थांबले तेव्हा त्याचे तळवे लाल झाले होते.

मागे वळले तर आई दारात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीवर घरंगळत गेलेल्या एका गोळीकडे बघत होती. मग तिने पुष्करच्या छातीवरच्या निळ्या पिशवीकडे पाहिलं. मग खांद्यावरचं लुगडं काढून तिने ते नाकाशी धरलं, मी धरलं होतं तसंच.

“या गोळ्यांनी?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“तुला कधीपासून ठाऊक?”

“दवाखान्यात होतो तेव्हापासून.”

ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. शैला काही न समजून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मी तिथेच उभ्याने, ओल्या हातांनी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रक्तातली कमतरता, तेल, बाळाची तपासणी. शैलाने बाळाला छातीशी आवळलं आणि ती रडायला लागली. “मला आधी सांगायचंस ना गं ताई,” एवढंच म्हणत राहिली.

आई रडली नाही. तिने विचारलं, “बाकीची पोरं?”

“कुठली?”

“गल्लीतली. तांबोळ्यांची दोन. पाटणकरांचा थोरला. भागीची तिन्ही.” ती बोटांवर नावं घेत गेली. एकवीस नावं झाली. “त्यांना काही झालेलं नाही ना?”

“नाही आई. ज्याच्या रक्तात ते असतं त्यालाच होतं. इतरांना नाही.”

“म्हणजे फक्त आपल्या,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “माझ्या हातून झालं.”

आणि मी वाट बघत राहिले.

कारण आईला सगळं आठवतं, आणि तेही आठवत असणारच होतं. पुष्कर जन्मला त्याच दिवशी संध्याकाळी ती गठ्ठा घेऊन माझ्या खाटेपाशी आली होती. “कुंदा, गोळ्यांचा वास गेला नाही गं अजून,” म्हणाली होती. “अजून एक पाणी काढते आणि दोन उन्हं दाखवते. तोवर सासूबाईंची पाकिटं वापरू.” आणि मी म्हटलं होतं, “काही नको. मला आवडतो तो वास. आजीचा वास आहे. आण इकडे.” तिने पुन्हा म्हटलं होतं, “अगं, दोनच दिवस.” मी गठ्ठा तिच्या हातातून ओढून घेतला होता आणि पहिला लंगोट मी स्वतः बांधला होता.

चार वर्षं मी आईला जपत होते असं मला वाटायचं. त्या उंबऱ्यापाशी मला कळलं की मी हे एक वाक्य जपत होते. ते ज्या दोघींना ठाऊक होतं त्यातली एक मी होते, आणि दुसरीने कारण विचारू नये म्हणून मी तिला ग्रहणावर विश्वास ठेवू दिला होता.

ती ते वाक्य बोलली नाही. “माझ्या हातून झालं,” असं पुन्हा एकदा म्हणाली. शैला तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तुला काय माहीत होतं आई.” मी तिथेच होते. मी म्हणू शकले असते. मी आईला तसं म्हणू दिलं.

आठवड्याने तपासणीचा कागद आला. शैलाच्या मुलातही तेच निघालं. आम्ही जपलं, तो धडधाकट वाढला. शैलाने माझे हात धरून माफी मागितली आणि आपल्या सासरच्यांना सांगितलं, ताईने माझं पोर वाचवलं. सगळीकडे माझं नाव झालं. आईने ट्रंक रिकामी करून भंगारवाल्याला दिली. गल्लीतल्या बायका यायच्या, “काकू, लंगोट,” म्हणायच्या. ती सांगायची, “आता दिसत नाही गं सुईत ओवायला.” तिला शेवटपर्यंत चष्म्याशिवाय तांदूळ निवडता येत होते.

अकरा वर्षांनी ती गेली. त्याआधी महिनाभर मी तिच्याजवळ होते. एक दिवस भागी तिला भेटायला आली तर आई पडल्यापडल्या म्हणाली, “तुझ्या मधल्याला बेचाळीस लागले होते. फार शू करायचा.” भागी हसत हसत डोळे पुसत गेली. ती गेल्यावर मी खाटेशी स्टूल ओढलं. इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य सरळ बोलून टाकलं.

“आई, पुष्करच्या वेळी तू म्हणाली होतीस, वास गेला नाही, दोन उन्हं दाखवते. मी ऐकलं नाही. तुझ्या हातून नाही झालं ते. माझ्या हट्टापायी झालं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी स्वच्छ नजर मी त्या महिन्यात तिची पाहिली नव्हती.

“असं म्हणाले होते मी?”

“हो. दोनदा.”

“मला नाही बाई असं काही आठवत,” ती म्हणाली. “माझ्या हातून झालं ते. पायांवर पांघरूण घाल जरा.”

मी पांघरूण घातलं.